कार-टी पुरे, आता एनके पेशींवर जोर लावा. पटतंय का?

चांदणचुरा:
इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच कॅन्सरशी लढणं, म्हटलं की सगळे कार-टी वरच बोलतात, मला मनापासून वाटतं की पैसा आणि माणसं नॅचरल किलर म्हणजे एनके या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींकडे वळायला हवीत. कार-टी मधे पेशंटच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, कॅन्सर ओळखता यावा म्हणून लॅबमधे बदलायच्या, परत द्यायच्या, यात आठवडे जातात आणि ज्याचा आजार झपाट्याने वाढतोय त्याच्याकडे तेवढे आठवडेच नसतात हो! एनके दुसऱ्याच्या चालतात, नाळेच्या रक्तातून वाढवता येतात. २०२० मधे अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या टीमने लिम्फोमा आणि सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरच्या ११ पेशंटना कार-एनके, म्हणजे तशाच बदललेल्या एनके, दिल्या, ८ जणांना फायदा, आणि सायटोकाईन स्टॉर्म, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम भडकण्याचा धोकादायक दुष्परिणाम, एकालाही नाही.

भुईकमळ:
अर्धंच सांगितलंत. त्या ८ पैकी ५ जणांना नंतर दुसरे उपचारही दिले होते, मग टिकलेला फायदा नक्की कशाचा? २०२४ मधे त्याच ग्रुपने ३७ पेशंटचे आकडे दिले, प्रतिसाद जेमतेम निम्म्या लोकांत आणि वर्षभर आजार न वाढता राहिलेले ३२ टक्के. उलट २०१० मधे कार-टी घेतलेल्या दोन पेशंटच्या रक्तात त्या पेशी दहा वर्षांनीही सापडल्यात. आपल्या अंगातली एनके पेशी साधारण दोन आठवडे जगते, राखण करणाराच दोन आठवड्यांचा असेल तर उलटलेला कॅन्सर अडवणार कोण?

चांदणचुरा:
म्हणून तर आयएल-१५ या एनकेला जगवणाऱ्या प्रोटीनचं जीन त्यांच्यात घालतात ना, त्याने त्या जास्त टिकतात. आणि मूळ मुद्दा बघा, टी पेशींना चुकवायला कॅन्सरच्या पेशी अंगावरचं एमएचसी क्लास वन हे ओळखीचं प्रोटीन लपवतात, पण एनके नेमकं तेच तपासते, ओळखपत्र दिसलं नाही की संशय! स्वीडनचे संशोधक क्लास कार्रे यांनी हे ८० च्या दशकातच मांडलं होतं. टी पेशी जिथे फसते तिथेच एनके चालते, हे सोडून कसं द्यायचं?

भुईकमळ:
रक्ताच्या कॅन्सरपुरतं मान्य. पण घट्ट गाठींचं काय? तिथे आत शिरणंच अवघड, वर तिथलं टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन एनकेला सुस्त करतं, आणि गाठीतल्या पेशी माइका नावाचं खुणेचं प्रोटीन स्वतःच कापून बाहेर सोडतात मग ती खूण ओळखणारे एनकेचे रिसेप्टर त्यातच गुंततात. फुप्फुस, आतडं, स्वादुपिंड, बहुतेक पेशंट तिथले आहेत.

झुळूक:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण एक सांगायचंय. माझ्या मावशीला एका क्लिनिकने "तुमच्याच रक्तातल्या एनके वाढवून देतो" म्हणून भरपूर पैसे घेतले, ट्रायल नाही, नोंद नाही, पुढे काय झालं ते विचारायला फोनही नाही. स्कॅन होता तसाच. कृपा करून कोणी असं सांगितलं तर आधी ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, आणि आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

चांदणचुरा:
झुळूक, वाचून फार वाईट वाटलं. मी लिहिलं ते ट्रायलमधल्या उपचारांबद्दल होतं, हे धाग्यातच स्पष्ट लिहायला हवं होतं. भुईकमळ, गाठींबद्दलचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण त्याच ३७ जणांच्या अभ्यासात अजून एक दिसलं, नाळेचं रक्त घेतल्यापासून २४ तासांच्या आत गोठवलेलं असेल तर त्यातल्या पेशींचे रिझल्ट जास्त चांगले आले. म्हणजे ते ३२ टक्के सगळ्या तऱ्हेचं रक्त धरून आलेत, निवडून घेतलं तर आकडा वर जाईल असं मला वाटतं.

भुईकमळ:
शक्य आहे. पण ते निवडक रक्तावरच्या नव्या ट्रायलमधे दिसू दे, आणि तेही कार-टी समोर ठेवून. तोवर माझं मत तेच.