मदत हवी आहे: पगची पहिली वीण, कळा सुरू झाल्यावर किती वेळ थांबायचं?

नमस्कार मंडळी, भांडुपला राहतो. आमची कुत्री चिंगी (पग, ३ वर्षं) पहिल्यांदाच व्यायला झालीय, आज ६१वा दिवस. मागच्या आठवड्यात एक्सरे काढला, दोनच पिल्लं आहेत. डॉक्टर म्हणाले दोनच म्हणजे आत चांगली वाढणार, त्यात पगच्या पिल्लांची डोकी मोठी, तेव्हा सिझरच्या तयारीत राहा. टेम्परेचर रोज १००.५ च्या आसपास असायचं ते आज सकाळी ९८.६ आलं. दुपारपासून खाल्लं नाहीये, पलंगाखाली जाऊन आईची जुनी साडी पंजाने ओरबाडून ओरबाडून गोळा करतेय, धापा टाकते, मधेच थांबून नुसती माझ्याकडे बघत राहते. जोर अजून काढत नाहीये.

आता साडेसात झालेत आणि आमचं क्लिनिक नऊला बंद होतं. शेजारच्या काकू म्हणतात मुक्या जनावराला कोण शिकवतं, तिचं ती करेल. पण मामाकडच्या कुत्रीला असंच रात्रभर ठेवलेलं, हिरवं पाणी जात होतं तरी सगळे सकाळ व्हायची वाट बघत बसले, वर ओळखीच्या कुणीतरी घरीच ऑक्सिटोसिन (कळा वाढवायचं इंजेक्शन) टोचलं. पिल्लू आडवं अडकलेलं. तिन्ही पिल्लं गेली. मला ते परत बघायचं नाहीये.

परळच्या बैलघोड्याला (जनावरांच्या हॉस्पिटलला) कुणी अलीकडे रात्री नेलंय का? मुलुंड-ठाण्याकडे रात्री सिझर करणारं कोणी?

प्रतिसाद:
दादा, आमच्या पगचं दोनदा सिझर झालंय. जोरात कळा देतेय आणि अर्ध्या तासात पिल्लू नाही तर सरळ निघा. पहिलं आल्यावर दुसऱ्यासाठी दोन तासांच्या वर थांबू नका. पहिल्या पिल्लाच्या आधीच काळपट हिरवं दिसलं तर वार सुटलेली असते, एक मिनिटही घालवू नका. आणि टेम्परेचर उतरून २४ तास झाले तरी काहीच नाही, तरी दाखवा, कमी पिल्लं असली की कधीकधी कळा धरतच नाहीत. सोनोग्राफीत ठोके बघतील, मिनिटाला २०० च्या आसपास हवेत, १८० च्या खाली म्हणजे पिल्लावर ताण. ऑक्सिटोसिन घरी अजिबात नाही, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं. नऊच्या आत तुमच्या डॉक्टरांना फोन करून रात्री कुठे न्यायचं ते विचारा आणि तिथेही आधीच कळवून ठेवा, भूल देणारे हजर असतात का तेही विचारा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी ठाण्यातल्या एका सर्जनचा नंबर दिला, तेही फोनवर भेटले, कधीही आणा म्हणाले. टॉवेल, एक्सरे पिशवीत भरलेत, गाडी गेटपाशी लावलीय. घड्याळ घेऊन तिच्याजवळच बसलोय.