उपग्रहात बाजारातलं नेटवर्क सामान चालेल का?

वऱ्हाडी_मेहकर: राजेहो, २००३ साली ब्रिटनच्या यूके-डीएमसी उपग्रहात सिस्कोचा बाजारातला राऊटर चढवला होता. निर्वातात फुटतील म्हणून द्रव असलेले कपॅसिटर बदलले, प्लास्टिकचे सॉकेट काढून सरळ सोल्डर केलं. सॉफ्टवेअर मात्र तेच, अन् तो चालला. मग दर उपग्रहासाठी वेगळं यंत्र, वेगळी पद्धत काहून? आमच्याकडं जेसीबीनं फायबर तोडलं की बँक अन् रेशनचं पॉस मशीन दोन्ही ठप्प. आकाशातलं नेट स्वस्त झालं तरच इथवर येईल.

चंद्रपूरचा_गडी: भाऊ, तो प्रयोग होता. वीज खायचा म्हणून राऊटर कामापुरताच सुरू करत. अन् पृथ्वीजवळचं गणित मंगळाला लावू नका. तिथं निरोप एका बाजूनं जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. टीसीपी, म्हणजे नेटवर निरोप नीट पोचवायची पद्धत, दर वेळी पोच मागत बसते, ती येईस्तोवर सगळं खोळंबलेलं. वरून किरणोत्साराचा एखादा कण चिपमधला बिट उलटवतो, म्हणजे शून्याचा एक करतो. दुरुस्तीला कोण जाईल?

वऱ्हाडी_मेहकर: मंगळाचं कोणी काढलं बावा? राऊटर प्रयोग असेल, पण तो उपग्रह स्वतःचे फोटो आयपीवरच, म्हणजे आपल्या इंटरनेटच्याच पद्धतीनं, खाली पाठवायचा. अन् लांबच्यासाठी डीटीएन आहे: दुवा तुटला तर माहिती साठवायची, जुळला की पुढं धाडायची. नासानं २००८ मध्ये डीप इम्पॅक्ट यानावर तपासलंय.

चंद्रपूरचा_गडी: म्हणजे शेवटी वेगळा प्रोटोकॉल, बोलायची वेगळी पद्धत, लागलाच ना!

आर्वीची_सून: कुलपाचं, म्हणजे सुरक्षेचं, कोणीच बोलेना. युक्रेनवर हल्ला झाला त्या दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह-इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम बंद पाडले. उपग्रहाला धक्काही नाही; शिरकाव जमिनीवरच्या व्हीपीएनमधून, म्हणजे दुरून आत यायच्या खासगी वाटेतून, झाला. जर्मनीतल्या पवनचक्क्यांवरची दूरदेखरेखही गेली. सगळ्यांच्या ओळखीचं तंत्र चोराच्याही ओळखीचं असतं.

वऱ्हाडी_मेहकर: ताई, ते भोक व्यवस्थापनातलं. उघड तंत्रातल्या चुका लवकर सापडतात, लवकर बुजतात.

आर्वीची_सून: बुजवणारा असला तर. आमच्या ग्रामपंचायतीच्या राऊटरचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च आहे, अन् तो तर हाताशी आहे.

चंद्रपूरचा_गडी: 😄 अन् स्वस्त म्हणजे जास्त उपग्रह, जास्त कचरा. एप्रिल २०२२ मध्ये आमच्या सिंदेवाहीकडं लाडबोरीत रॉकेटची धातूची कडी पडली, आठवते का?

वऱ्हाडी_मेहकर: रॉकेटचा अन् राऊटरचा काय संबंध! पृथ्वीजवळच्या कक्षेत आयपी नको, याचं एक तरी तांत्रिक कारण दे ना भाऊ.