लाइट शीट मायक्रोस्कोप: विकत घ्यावा की स्वतः बांधावा?

मासेवाली_पुणे:
झेब्राफिशचे एम्ब्रियो सलग 24 तास जिवंत बघायचेत, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर केलं तर लेझरच्या माऱ्याने इतकं ब्लीच होतं (चमक विझते) की सकाळी उरतो फक्त अंधार. लाइट शीटमध्ये प्रकाशाची पातळ पत्री बाजूने येऊन फक्त बघायचा थर उजळते, म्हणून तो हवाय. सरांचं म्हणणं ग्रँट आहे तर झाइस कंपनीचा तयार लाइटशीट 7 घेऊन टाकू, आणि मी ओपनस्पिमचा (स्वतः बांधायच्या लाइट शीटचं खुलं डिझाइन) 2013 चा पेपर वाचल्यापासून मागे लागलेय की आपणच बांधू, पैसे केवढे वाचतील. ऑप्टिक्सचा अनुभव म्हणाल तर बीएस्सीचं प्रॅक्टिकल. कोणी खरंच बांधलाय का?

ड्रेसडेनकर:
बांधलाय. ओपनस्पिम आमच्या ड्रेसडेनचाच, माक्स प्लांक संस्थेतला, पार्ट लिस्ट विकीवर फुकट आहे आणि चालतो मायक्रो-मॅनेजर या सॉफ्टवेअरवर. अगं बांधणं सोपंय, रोज सकाळी अलाइन करणं (लेझर आणि भिंगं नेमकी जुळवणं) हा खरा उद्योग. चेंबरच्या पाण्यात चिमूटभर फ्लोरेसिन (चमकणारा रंग) टाकलं की 488 नॅनोमीटरच्या लेझरचा बीम हिरवागार दिसतो, त्याची कंबर (सगळ्यात बारीक भाग) बरोबर मधोमध आणायची, मग शीट डिटेक्शन ऑब्जेक्टिव्हच्या (चित्र टिपणाऱ्या भिंगाच्या) फोकसवर बसवायची, आणि ती चार-पाच मायक्रॉन जरी हलली तरी चित्र पुसट. माझी तर एक अख्खी रात्र गेली, कारण कुणीतरी वीज वाचवायला खोलीचा एसी बंद केला, पहाटेपर्यंत सगळं सरकलेलं. तुमच्याकडे रात्री एसी चालू असतो का ते आधी बघ.

जुना_खोड:
आमच्याकडे विकतचा आहे (कंपनीचं नाव नको). वॉरंटीत होता तोवर राजासारखे राहिलो, नवीन पोरगं अर्ध्या दिवसात शिकून सॅम्पल लावायचं. एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आलं तेव्हा डायरेक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. आणि आत काही बदलायचं म्हटलं तर हात लावायची सोय नाही.
पण दोन्हीकडे डेटा तेवढाच हं. 2048 बाय 2048 चा कॅमेरा, 16 बिट, एक फ्रेम 8 एमबी. 300 स्लाइसचा (एकेका थराच्या फ्रेमचा) स्टॅक झाला अडीच जीबी, दर 5 मिनिटांनी एक घेतला तर 24 तासांत 700 जीबीच्या वर, तेही एकाच रंगात आणि एकाच बाजूने. स्टोरेजचे पैसे ग्रँटमध्ये धरलेत का?

आरसे_आणि_भिंगं:
सॅम्पल जिवंत आहे म्हणून ओपनस्पिम ठीक, उंदराचा क्लिअर (पारदर्शक) केलेला मेंदू असता तर मेसोस्पिम हे मोठ्या सॅम्पलचं खुलं डिझाइन बघ म्हटलं असतं. एक मात्र, साध्या ओपनस्पिममध्ये शीट सिलिंड्रिकल लेन्सने बनते, एकाच बाजूने येते आणि स्थिर असते, त्यामुळे योक (एम्ब्रियोचा बलक) किंवा पिगमेंटच्या मागे काळे पट्टे पडतात. पिगमेंटला पीटीयू (ते बनू न देणारं रसायन) आहे, योकचं काय करणार? दोन्ही बाजूंनी प्रकाश देणारं डिझाइन घे. बाकी जुन्या खोडांनी विचारलं नाही म्हणून मी विचारतो, तुझी पीएचडी झाल्यावर अलाइन कोण करणार?

मासेवाली_पुणे:
माझं दीडच वर्ष राहिलंय, हे डोक्यातच आलं नव्हतं 😅 हाच प्रश्न सरांना विचारला तर म्हणाले, "मग मी झाइस झाइस काय उगाच करतोय?" एसीचं विचारलं. रात्री 9 ला बंद करतात.

ड्रेसडेनकर:
मग आधी तेवढं सोडवा, विकतचा आणलात तरी.