मदत हवी आहे: लंडनमधला काउन्सिलचा फ्लॅट, गृहकर्ज आणि कमी-जास्त उत्पन्न

राहता फ्लॅट ‘राइट टू बाय’मधून (काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, घर भाडेकरूने सवलतीत विकत घ्यायची योजना) घेतोय. काउन्सिलची किमतीची नोटीस आली आहे. उत्तरासाठीच्या १२ आठवड्यांपैकी ५ संपले. नंतर स्मरणपत्र आलं तर आणखी २८ दिवस मिळतात, पण तिथवर ताणायचं नाही. नोव्हेंबर २०२४ नंतरचा अर्ज, म्हणून सूट फक्त १६,००० पाउंड.

अडचण उत्पन्नाची. नवरा स्वतःची मिनीकॅब चालवतो. २०२३-२४ मध्ये ऑपरेशनमुळे चार महिने गाडी बंद होती, त्या वर्षीचा नफा निम्म्यावर आला. २०२४-२५ चांगलं गेलं. दोन्ही वर्षांचे एसए३०२ (कर खात्याचे उत्पन्न आणि कराच्या हिशेबाचे कागद) आहेत, रोखीचे पैसेही रिटर्नमध्ये दाखवलेत. माझी शाळेच्या किचनमधली अर्धवेळ नोकरी, पगारपत्रकं आहेत.

आमच्या बँकेने दोन वर्षांची सरासरी काढून नकार दिला. एका ब्रोकरने आधीच फी मागितली, ती दिली नाही. सगळीकडे अर्ज करत सुटलो तर क्रेडिट रेकॉर्ड बिघडेल ही भीती आहे.

दोघांनाही आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) आहे, थकबाकी नाही, बचत २०,००० पाउंड. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे नाहीत.

फक्त शेवटच्या वर्षाचं उत्पन्न धरून, काउन्सिलच्या फ्लॅटवर कर्ज कुणाला मिळालंय का? कुठल्या बँकेकडून, आणि आजारपणाचा पुरावा म्हणून काय दिलंत?