पुराचे तेच स्वप्न दर पावसाळ्यात पडते; नाशिकमध्ये कोणाचा सल्ला घ्यावा?

कळशी
नमस्कार. भांडी बाजारात आमचे वडिलोपार्जित दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी दुकानात शिरले तेव्हा मी आणि दोन कामगार माल माळ्यावर चढवत होतो. कोणालाही इजा झाली नाही आणि नुकसानही पुढे भरून निघाले. तरीही तेव्हापासून दर पावसाळ्यात, विशेषतः गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा संदेश मोबाईलवर आला की एक-दोन रात्रींत तेच स्वप्न पडते. पाणी गोदावरीच्या घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आलेले असते, तांब्याची एक कळशी वाहत माझ्याकडे येते, ती धरायला मी हात पुढे करतो आणि दुसऱ्या हातातला मुलीचा हात सुटतो. प्रत्यक्षात पुराच्या दिवशी मुलगी इंदिरानगरच्या घरी सुखरूप होती. दचकून जाग येते तेव्हा बहुधा साडेचार वाजलेले असतात, आणि त्यानंतर डोळ्याला डोळा लागत नाही. यंदा हे आठवड्यातून तीनदा होऊ लागले आहे. पहाटेचे स्वप्न खरे होते असे आई म्हणते आणि नातीला घाटाकडे पाठवत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे की मानसशास्त्रज्ञांकडे? गोळ्यांशिवाय काही उपाय आहे का?

साखरझोप
आईंच्या म्हणण्यातला अर्धा भाग अनुभवाला धरून आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी चालते. बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरतात अशा झोपेची नोंद शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. ठसठशीत, कथानक असलेली स्वप्ने मुख्यतः याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पण पहाटेकडे तो लांबत जातो. त्यामुळे पहाटे स्वप्ने अधिक पडतात, आणि आपण त्यांच्या मधूनच उठत असल्याने ती लक्षातही राहतात. जे लक्षात राहते तेच पुढे खऱ्या घटनेशी जुळवून पाहिले जाते. मध्यरात्रीच्या विसरलेल्या स्वप्नांचा हिशेब कोणी ठेवत नाही. साडेचारचे गूढ एवढेच आहे. आईंना हे पटेलच असे नाही, माझ्या आईला पटलेले नाही.

निशिगंध
मी याच क्षेत्रात काम करते, तरी हा सल्ला प्रत्यक्ष तपासणीला पर्याय समजू नये. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, परंतु तुम्हाला ज्याची गरज दिसते ती संवादाची आणि सरावाची पद्धत ते शिकवतात. ‘दुःस्वप्नांसाठी प्रतिमा-सरावाची पद्धत वापरता का,’ असे भेट ठरवतानाच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर गोंधळलेले आले तर दुसरीकडे चौकशी करावी. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पद्धत वरकरणी साधी आहे. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न थोडक्यात लिहून काढायचे आणि त्यात तुम्हाला वाटेल तो बदल करायचा. मग रोज दहा ते वीस मिनिटे डोळे मिटून ही बदललेली आवृत्तीच मनात पाहायची, मूळ स्वप्न पुन्हा उगाळायचे नाही. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराच्या आघातातून जाणाऱ्या १६८ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात या सरावाने दुःस्वप्ने कमी झाल्याचे दिसले. सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही. कळशी म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, या अर्थशोधाची मात्र येथे गरज पडत नाही. मनाला एकाच वळणाची सवय लागली आहे, ती मोडायची आहे.

जागेपणीही पुराची दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील किंवा नदीकडे जाणेच टाळले जात असेल, तर घरच्या घरी प्रयोग न करता आधी तज्ज्ञांना भेटावे.

सातपूरकर
रक्तदाबाची गोळी चालू आहे का? बीटा ब्लॉकर गटातील काही औषधांनी भयंकर स्वप्ने पडू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. तसेच झोपेत तुम्ही प्रत्यक्ष हातपाय झाडता का, हे पत्नीला विचारा. स्वप्नाच्या टप्प्यात एरवी स्नायू शिथिल असतात. ते तसे राहत नसतील, तर तो मेंदूविकारतज्ज्ञांचा विषय आहे.

कळशी
गोळी चालू नाही आणि हातपायही झाडत नाही. दुकानातून घाटावर रोज जातो. एक शंका आहे. स्वप्न मुद्दाम बदलणे ही स्वतःची फसवणूक वाटते. पाणी ओसरले अशी कल्पना केली, पण मन मानत नाही.

निशिगंध
मग पाणी ओसरवू नका. पूर राहू द्या. तुमच्या हातात जे आहे तेवढेच बदला.

कळशी
पाच आठवड्यांनी लिहीत आहे. गंगापूर रोडवरील एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे तीन वेळा जाऊन आलो. त्यांनीही हीच पद्धत सांगितली आणि पहाटे जाग आल्यावर घड्याळ पाहण्यास मनाई केली. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता बाहेरच्या खोलीत बसतो आणि पेंग आली की परततो. नव्या आवृत्तीत पाणी तेवढेच आहे, कळशीही येते, फक्त मी हात पुढे करत नाही. दुकानदाराच्या हाताला हे सोपे नाही. पहिले आठ दिवस डोळे मिटून बसलो की हात आपोआप पुढे जायचा आणि कळशीचे वजन किती भरेल हे मनात यायचे. मुलीसोबत पायऱ्या चढताना तिच्या ओल्या चपलांचा आवाज येतो, एवढी बारीक कल्पना जमू लागल्यावर फरक पडला.

गेल्या आठवड्यात विसर्गाचा संदेश दोनदा आला आणि स्वप्न एकदाच पडले. कळशी समोरून गेली. तिच्या काठाला पोचा होता, तो मला यापूर्वी कधी दिसला नव्हता. जाग आली तेव्हा किती वाजले होते ते पाहिले नाही.