क्रोशाचे ऑनलाइन वर्ग: कॅमेऱ्याच्या आधी

वर्ग सुरू करण्यासाठी महागडा कॅमेरा घ्यावा का, असं विचारलंत. माझं मत, आत्ता नको. साधा मोबाइल पुरतो, फक्त तो स्टँडला लावून वरून थेट हातांवर रोखा. समोरून चित्रण केलं की शिकणारीला सगळं उलटं दिसतं आणि पहिल्याच ओळीत ती गोंधळते. डावखुऱ्यांसाठी तोच व्हिडिओ मिरर करून देता येतो. पडद्यावरची अक्षरं मात्र त्यानंतर टाका, नाहीतर तीही उलटी होतात. लोकर फिकट आणि जाड घ्या, काळ्या धाग्यातले टाके दिसतच नाहीत.

आणखी एक, हे अगदी कळकळीने सांगते. टाक्यांची नावं दोन पद्धतींत वेगळी आहेत: अमेरिकन पद्धतीत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. तुम्ही कोणती नावं वापरता ते पहिल्याच पाठात सांगा, नाहीतर मन लावून विणलेलं सगळं उसवावं लागतं. दुसऱ्या कुणाचा नमुना शिकवणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या.

रेकॉर्ड केलेले पाठ विकण्यापूर्वी चार-पाच जणींना लाइव्ह शिकवून बघा. बहुतेकींचे हात दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, पहिला टाका नेमका कुठे घालायचा तिथेच अडतात. त्या एका जागेसाठी वेगळा, सावकाश व्हिडिओ करा.