रोड सायकलच्या सीटची उंची कशी ठरवावी?

प्रश्न: कोल्हापूरहून पन्हाळ्याचा चढ चढताना माझे गुडघे पुढच्या बाजूने दुखतात. सीटची उंची ठरवण्याची कोणती पद्धत विश्वासार्ह मानावी?

प्रतिसाद १: असे दुखणे असल्यास सीट बहुधा फार खाली किंवा फार पुढे असते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणले, की क्रँक (पेडल जोडलेला दांडा) ज्या आसाभोवती फिरतो, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंटिमीटरला ती सुमारे ७०.६ येते. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र क्रँकची लांबी किंवा बुटाच्या तळाची जाडी विचारात घेत नाही, म्हणून ती केवळ सुरुवात समजावी.

प्रतिसाद २: माझ्या मते गुडघ्याचा कोन अधिक भरवशाचा आहे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ स्थितीपासून २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. मोबाइलवर बाजूने चित्रीकरण केल्यास तो मोजता येतो. कंबर डोलू लागली, तर सीट बहुधा जास्त उंच झाली आहे.

प्रतिसाद ३: सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) आधी चिकटपट्टीने खूण करा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदला. तरीही दुखणे राहिल्यास फिजिओथेरपिस्टला अवश्य दाखवा.